वाफेचा घण आणि चंद्राचीं चित्रें



शाळामास्तरानें आयुष्यांत हजारों वेळां उच्चारलेलें एक वाक्य असतें : "हे चाळे पुरे कर आणि पुस्तक उघड." मीहि तें उच्चारीत आलों. एकदां वर्गांत एका मुलापाशीं डब्याच्या पत्र्याचें केलेलें लहानसें पाणचक्र सांपडलें. मीं तें जप्त केलें व वर्षाअखेर परत देईन असें सांगितलें. वर्ष संपण्यापूर्वींच तो मुलगा शाळा सोडून गेला. चक्र माझ्या कपाटांत राहिलें. सेवानिवृत्तीनंतर एका यंत्रज्ञाचें आत्मचरित्र वाचतांना मला त्या चक्राची वारंवार आठवण झाली. त्या यंत्रज्ञाचा घरगुती इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

त्याचें नांव जेम्स नॅस्मिथ. जन्म १९ ऑगस्ट १८०८, स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथें. वडील अलेक्झांडर नॅस्मिथ हे नामांकित निसर्गचित्रकार. कवि रॉबर्ट बर्न्स याचें १७८७ सालचें सुप्रसिद्ध चित्र त्यांच्याच कुंचल्याचें. पण या चित्रकाराच्या घरांत रंगांच्या जोडीला लेथ, कानशी आणि हातोडेहि होते, आणि फुरसतीचा वेळ ते त्या कार्यशाळेंत घालवीत. जेम्सच्या बहिणी चित्रकलेचे वर्ग चालवीत. हे वर्ग चार भिंतींत मावत नसत. हवा चांगली असली कीं विद्यार्थिनींना घेऊन शहराभोंवतालच्या टेकड्यांवर जावयाचें आणि समोर दिसेल तें कागदावर उतरवावयाचें. वडिलांचे विद्वान् मित्रहि अशा भटकंतींत असत. आर्थर्स सीट ही तेथील टेकडी म्हणजे एका विझलेल्या ज्वालामुखीचा अवशेष. खडक कसे बनले, यावर मोठ्या माणसांचें बोलणें चाले आणि लहानगा जेम्स तें ऐके. ही गोष्ट लक्षांत असूं द्यावी. पुढें तिचा उपयोग आहे.

शाळेंतील लॅटिनच्या घोकंपट्टींत त्याचें मन रमलें नाहीं. सोबत्यांत मात्र त्याचा मोठा भाव! कारण त्यानें वडिलांच्या लेथवर कातलेले भोंवरे आणि पितळेच्या चिमुकल्या तोफा सर्वांनाच हव्या असत. पुढें सतराव्या वर्षाच्या सुमारास तो वाफेच्या यंत्रांच्या प्रतिकृति करूं लागला. पितळ ओतण्याची भट्टी कोठें? निजावयाच्या खोलींतील शेगडींत! वडिलांची झोंप मोडूं नये म्हणून जमिनीवर जाड अंथरण घालून रात्रीं काम चाले. या प्रतिकृति विकून आलेल्या पैशांतून त्यानें विद्यापीठांतील व्याख्यानांची फी भरली.

१८२९ च्या मे महिन्यांत तो वडिलांसमवेत लंडनला गेला. हेन्री मॉडस्ले हे त्या काळचे श्रेष्ठ यंत्रकार. पण उमेदवार घेणें त्यांनीं बंद केलें होतें. जेम्सनें स्वतः केलेलें यंत्र व रेखाचित्रें त्यांच्यापुढें मांडलीं. तीं पाहून मॉडस्ले यांनीं त्याला आपला खाजगी साहाय्यक नेमलें. पगार आठवड्याला दहा शिलिंग. तेवढ्यांत भागावें म्हणून दिव्याच्या ज्योतीवर मंद शिजविणारें एक पात्र त्यानें बनविलें. सकाळीं त्यांत जिन्नस घालून कामावर जावें, संध्याकाळीं जेवण तयार! पुढच्या वर्षीं तीन आठवड्यांची सुट्टी मिळाली, तेव्हां हा गृहस्थ लिव्हरपूलला जाऊन स्टीफन्सनचें 'रॉकेट' इंजिन पाहून, त्याचें चित्र काढून, बरीचशी वाट पायीं तुडवीत लंडनला परतला. वाटेंत कोलब्रुकडेलच्या भट्ट्या, डडलेचा जुना किल्ला आणि वॉरिकचा वाडा त्यानें सारख्याच कुतूहलानें न्याहाळला.

१८३६ सालीं मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्ट येथें कालव्याच्या कांठीं त्यानें कारखाना काढला. तीन वर्षांनीं एक पत्र आलें. 'ग्रेट ब्रिटन' या नियोजित आगबोटीच्या चाकांसाठीं इतका जाड लोखंडी आंस हवा होता कीं, तो घडविण्याजोगा घण कोणापाशींच नव्हता. त्या वेळचे घण फार थोडे उचलले जात. ऐरणीवर जाड लोखंड ठेवलें कीं घणाला पडावयास जागाच उरत नसे आणि घाव दुबळा पडे. २४ नोव्हेंबर १८३९ रोजीं नॅस्मिथनें आपल्या टिपणवहींत चित्र काढलें : वर वाफेचें सिलिंडर, त्यांतील दट्ट्याला टांगलेला घण आणि खालीं ऐरण. पुढें त्या आगबोटीला चाकांऐवजीं पंखा बसविण्याचें ठरलें, आंस घडलाच नाहीं आणि चित्र वहींत राहिलें. १८४२ सालीं फ्रान्समध्यें ल क्रूझोच्या कारखान्यांत गेला असतां तसाच घण तेथें काम करतांना त्याला दिसला! त्याच्या गैरहजेरींत ती वही फ्रेंच पाहुण्यांना दाखविण्यांत आली होती. कल्पनेचा पहिला मान फ्रेंच यंत्रज्ञ बूर्दों याचा, असाहि एक पक्ष आहे. असो. परत येतांच नॅस्मिथनें पेटंट घेतलें. प्रचंड लोखंड चेपणारा हा घण पेल्यांतील अंडें पेल्याला धक्का न लावतां फोडून दाखवी.

१८४० सालीं त्याचा विवाह झाला. कारखान्यानजीकच्या त्याच्या घराचें नांव 'फायरसाइड' असें होतें. दिवसभर लोखंडाशीं झुंजणारा हा मनुष्य रात्रीं बागेंत स्वतः घडविलेली दुर्बीण उभी करी आणि चंद्राचीं चित्रें काढी. एकदां झोंपेच्या पांढऱ्या पोशाखांत दुर्बिणीची लांबोडी पेटी उचलून जातांना त्याला कालव्यांतील एका नावाड्यानें पाहिलें आणि शवपेटी घेऊन भूत हिंडतें, अशी आवई उठली! १८५१ च्या लंडन येथील जागतिक प्रदर्शनांत त्याच्या चंद्रचित्रांना पदक मिळालें.

१८५६ च्या अखेरीस, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, भरभराटीचा कारखाना सोडून तो केंट परगण्यांतील पेन्सहर्स्ट गांवीं राहिला. तेथल्या घराला त्यानें 'हॅमरफील्ड', म्हणजे घणाचें शेत, असें नांव दिलें. १८७४ सालीं ग्रिनिच वेधशाळेंतील जेम्स कार्पेंटर याच्यासह त्यानें चंद्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला. दुर्बिणींतून घेतलेलीं त्या वेळचीं छायाचित्रें अस्पष्ट येत. म्हणून त्यानें चित्रांवरून चंद्रपृष्ठाच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृति केल्या, त्या तिरप्या उन्हांत ठेविल्या आणि त्यांचीं छायाचित्रें घेतलीं. आंतला भाग आकसला कीं वरचा पृष्ठभाग कसा सुरकुततो, हें दाखविण्यासाठीं त्यांत एका वृद्ध हाताचें आणि एका सुकलेल्या सफरचंदाचेंहि छायाचित्र आहे.

चंद्रावरचीं विवरें ज्वालामुखींचीं आहेत, असें त्याचें मत होतें. लहानपणच्या सहलींतील तो विझलेला ज्वालामुखी त्याच्या मनांत शेवटपर्यंत धुमसत असावा, असें मला वाटतें. १९६९ पासून चंद्रावरून आणलेल्या दगडांच्या अभ्यासानेंहि ती उपपत्ति मागें पडली. बहुतेक विवरें अशनींच्या आघातानें पडलीं, हें आज मान्य आहे. उभा जन्म घणाचे घाव पाहिलेल्या माणसाला चंद्रावरचे घाव ओळखतां आले नाहींत! तो सर्वतोपरी आदर्श होता, असेंहि माझें म्हणणें नाहीं. कामगारांच्या संघटनांचा तो कडवा विरोधक होता. १८९० सालीं तो वारला. चंद्रावरील एका विवराला आज त्याचें नांव आहे.

माझें म्हणणें इतकेंच : सहलींतील पेन्सिल, वडिलांचा लेथ, वाफेचा घण आणि चंद्राचीं चित्रें हा सारा एकच धागा आहे. त्यांतील कोणता भाग उद्योग आणि कोणता चाळा, हें आरंभीं कोणी सांगितलें असतें? मीं मात्र तें क्षणांत सांगून टाकलें होतें. तें पत्र्याचें चक्र अद्याप माझ्या कपाटांत आहे. त्याचा मालक आतां मोठा झाला असेल. त्याच्या घरींहि एखादें मूल असेल. त्या मुलाच्या हातांतून कोणी कांहीं हिसकावून घेऊं नये, एवढ्यासाठीं हें भाषण.