सायकलसाठी परवडणारा ‘सायकल कॉम्प्युटर’ निवडताना

सायकलच्या हँडलवर बसवले जाणारे आणि वेग, अंतर व वेळ दाखवणारे छोटे उपकरण ‘सायकल कॉम्प्युटर’ या नावाने ओळखले जाते. काही शे रुपयांपासून अनेक हजार रुपयांपर्यंतची अशी उपकरणे बाजारात उपलब्ध आहेत. त्यामुळे नेमके कोणते उपकरण घ्यावे, असा प्रश्न नव्या सायकलस्वारापुढे उभा राहतो. उपकरणाची किंमत आणि त्याची अचूकता यांचा संबंध मात्र समजला जातो तितका थेट नाही. नीट बसवलेले आणि चाकाचे योग्य माप भरलेले साधे उपकरणही भरवशाचे ठरते. माप चुकले, तर महाग उपकरणाच्या चाकावरील सेन्सरचे आकडेही फसवे ठरतात.

पार्श्वभूमी

सायकलने कापलेले अंतर मोजण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील कर्टिस व्हीडर यांनी १८९५ मध्ये चाकाच्या फेऱ्या मोजणारे यांत्रिक ‘सायक्लोमीटर’ बाजारात आणले. १९८० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक उपकरणे रूढ झाली. नागरी वापरासाठीच्या जीपीएस संकेतांमध्ये मुद्दाम ठेवली जाणारी त्रुटी अमेरिकी सरकारने मे २००० मध्ये काढून टाकली आणि उपग्रहांच्या साहाय्याने वेग व मार्ग नोंदवणाऱ्या उपकरणांना चालना मिळाली. गार्मिन कंपनीची सायकलसाठीची ‘एज’ ही मालिका २००५ मध्ये जाहीर झाली.

उपकरण काम कसे करते

साध्या सायकल कॉम्प्युटरची रचना सोपी असते. पुढच्या चाकाच्या एका स्पोकवर छोटे लोहचुंबक बसवतात आणि त्याच्या समोर, फोर्कवर, सेन्सर लावतात. चाकाच्या प्रत्येक फेरीत चुंबक सेन्सरसमोरून जाते, सेन्सरमधील स्विच क्षणभर जोडला जातो आणि एक फेरी मोजली जाते. फेऱ्यांच्या संख्येला चाकाच्या परिघाने गुणले की अंतर मिळते आणि अंतराला वेळेने भागले की वेग मिळतो.

म्हणजेच हे उपकरण प्रत्यक्षात फक्त फेऱ्या मोजते. एका फेरीत सायकल किती पुढे जाते, हे त्याला वापरणाऱ्यानेच सांगावे लागते. अनेक उपकरणांत कारखान्यातून एक ठरावीक परीघ भरलेला असतो. तो आपल्या चाकाशी जुळेलच असे नाही.

परिघाचे महत्त्व

सर्वसाधारण कोष्टकांनुसार टायरच्या मापाप्रमाणे परीघ पुढीलप्रमाणे धरला जातो :

७०० × २३ : २०९६ मिलिमीटर
७०० × २५ : २१०५ मिलिमीटर
७०० × २८ : २१३६ मिलिमीटर
७०० × ३२ : २१५५ मिलिमीटर
२६ × २.० : २०५५ मिलिमीटर
२९ × २.१ : २२८८ मिलिमीटर

टायरचे माप टायरच्या बाजूवर छापलेले असते. ‘७००’ आणि ‘२९’ या दोन्ही प्रकारांच्या रिमचा मापन-व्यास ६२२ मिलिमीटर हाच असतो, पण टायरची जाडी वेगळी असल्याने परीघ बदलतो. भारतात पिढ्यानपिढ्या वापरल्या गेलेल्या २८ × १½ इंच टायरच्या काळ्या सायकलींच्या रिमचा मापन-व्यास ६३५ मिलिमीटर असतो. त्यामुळे ‘२८ इंची’ एवढ्या वर्णनावरून कोष्टकातील आकडा उचलणे योग्य ठरत नाही.

कोष्टकापेक्षा प्रत्यक्ष मोजणी अधिक विश्वसनीय असते. त्यासाठी टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरावी, व्हॉल्व्ह जमिनीच्या सर्वांत जवळ येईल अशी सायकल उभी करावी आणि जमिनीवर खूण करावी. सायकलवर स्वार बसलेला असताना दुसऱ्या व्यक्तीच्या मदतीने ती चाकाच्या तीन फेऱ्यांइतकी सरळ पुढे न्यावी, दुसरी खूण करावी आणि दोन खुणांमधील अंतराला तीनने भागावे. हे अंतर ६ मीटर ३१५ मिलिमीटर आले, तर परीघ २१०५ मिलिमीटर होतो. स्वाराच्या वजनाने टायर थोडा दबतो, म्हणून त्याने सायकलवर बसणे आवश्यक असते.

काही स्वस्त उपकरणांत परीघ मिलिमीटरऐवजी सेंटिमीटरमध्ये भरावा लागतो. आकडा जवळच्या पूर्ण सेंटिमीटरइतका धरल्यास यात जास्तीत जास्त अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडतो. २०० किलोमीटरच्या प्रवासात ही चूक अर्ध्या किलोमीटरहून कमी असते. रोजच्या वापरासाठी ती नगण्य आहे.

चुकीचा आकडा किती महागात पडतो

माप चुकल्याचा परिणाम रोजच्या दहा-बारा किलोमीटरच्या फेरीत जाणवत नाही, तो लांब पल्ल्यावर दिसतो. फ्रान्समधील ऑडॅक्स क्लब पॅरिझियन या संस्थेच्या नियमांनुसार जगभर घेतल्या जाणाऱ्या ‘ब्रेव्हे’ या सायकल उपक्रमांचे आयोजन भारतातही केले जाते. त्यात २०० किलोमीटरसाठी १३ तास ३० मिनिटे, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास एवढी मुदत असते. ही स्पर्धा नसते, मात्र मुदत उलटल्यास पूर्ण केलेले अंतर मान्य होत नाही.

एखाद्या सायकलस्वाराने २९ × २.१ टायरच्या जुन्या सायकलवरील उपकरण काढून ७०० × ३२ टायरच्या नव्या सायकलवर लावले आणि परीघ बदललाच नाही, असे समजू. पडद्यावर ताशी १५ किलोमीटर दिसत असताना प्रत्यक्ष वेग सुमारे १४.१ किलोमीटरच असेल. ताशी १५ च्या गतीने २०० किलोमीटर १३ तास २० मिनिटांत पूर्ण होतात, म्हणजे दहा मिनिटे हाती राहतात. प्रत्यक्ष गतीने मात्र १४ तास ९ मिनिटे लागतील. दिवसभर मुदतीत असल्याची खात्री बाळगणारा हा स्वार ३९ मिनिटे उशिरा पोहोचेल.

‘सरासरी’ या आकड्याचा अर्थ समजून घेणेही तितकेच गरजेचे आहे. बहुतेक उपकरणे चाक थांबले की वेळ मोजणे थांबवतात. त्यामुळे पडद्यावरील सरासरी ही फक्त सायकल चालत असतानाची असते. ताशी २० किलोमीटरच्या सरासरीने २०० किलोमीटरला १० तास लागतात, पण चहा, जेवण, पंक्चर आणि विश्रांतीत साडेतीन तास गेले की संपूर्ण मुदत संपते. पडद्यावर तेव्हाही २० हाच आकडा झळकत असतो. याच कारणाने स्वस्त उपकरणातही घड्याळाची सोय असल्याची खात्री करून घ्यावी.

तार, बिनतारी की जीपीएस

तारेचे उपकरण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत साधे असते. त्याच्या संकेतात अडथळा येत नाही आणि गोल बटणासारखा एक सेल दीर्घकाळ पुरतो. बहुतेक ठिकाणी वापरला जाणारा सीआर २०३२ हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तार ब्रेकच्या केबलला गुंडाळून नीट बांधली नाही, तर ती अडकून तुटण्याचा धोका असतो. ज्यांची सायकल वारंवार गाडीत चढवली-उतरवली जाते, त्यांनी ही बाब विशेष ध्यानात घ्यावी.

बिनतारी उपकरणांत दोन प्रकार आहेत. जुन्या, साध्या प्रकारात सेन्सरचा संकेत एक मीटरहूनही कमी अंतरापर्यंत पोहोचतो आणि काही एलईडी दिवे, विजेच्या उच्च दाबाच्या वाहिन्या किंवा शेजारून जाणाऱ्या सायकलवरील तसेच उपकरण यांमुळे आकडे भरकटू शकतात. दुसऱ्या प्रकारात ब्लूटूथ किंवा ‘एएनटी प्लस’ या डिजिटल पद्धती वापरल्या जातात. त्यांचे सेन्सर अधिक विश्वसनीय असतात व एकच सेन्सर अनेक उपकरणांशी जोडता येतो.

जीपीएस उपकरणाला चुंबक लागत नाही, परीघही भरावा लागत नाही. एका सायकलवरून दुसरीवर ते क्षणात हलवता येते आणि प्रवासाचा मार्ग नोंदवला जातो. त्याच्याही मर्यादा आहेत. उंच इमारतींमध्ये, दाट झाडीत आणि खोल दरीच्या कडेने उपग्रहांचे संकेत नीट मिळत नाहीत, तर बोगद्यात ते मिळतच नाहीत. ताशी ३० किलोमीटर वेगाने सायकल दर सेकंदाला आठ मीटरहून अधिक पुढे जाते. उपकरण काही सेकंदांच्या अंतराने स्थान नोंदवत असेल, तर घाटातील तीव्र वळणे सरळ रेषेने जोडली जातात आणि अंतर कमी भरते. म्हणून दर सेकंदाला नोंद करण्याची सोय आहे का, हे पाहावे. जीपीएससोबत चाकाचा सेन्सरही जोडता येत असेल, तर ही उणीव बरीचशी भरून निघते.

घरात ट्रेनरवर व्यायाम करणाऱ्यांना जीपीएसचा उपयोग नाही, कारण सायकल जागेवरच असते. ट्रेनरवर पुढचे चाक फिरत नाही, त्यामुळे पुढच्या फोर्कवरील सेन्सरही निरुपयोगी ठरतो. त्यांनी मागच्या चाकावर चालणारा सेन्सर निवडावा.

चढाई, पाऊस आणि बॅटरी

चढाई किती झाली, हे जाणून घेण्याची इच्छा अनेकांना असते. केवळ उपग्रहांवरून काढलेली उंची फारशी अचूक नसते. हवेच्या दाबावरून उंची मोजणारी उपकरणे यात सरस ठरतात. समुद्रसपाटीजवळ सुमारे आठ मीटर उंची वाढली की हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने कमी होतो. हवामान बदलूनही दाब तितकाच बदलू शकतो. त्यामुळे पावसाळ्यात एकाच जागी उभ्या असलेल्या सायकलची ‘उंची’ बदललेली दिसली, तर तो उपकरणाचा बिघाड समजू नये.

पावसापासून संरक्षणासाठी ‘आयपीएक्स’ या मानांकनाकडे पाहावे. आयपीएक्स ४ म्हणजे पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण, तर आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिल्यास संरक्षण. कोकण, गोवा किंवा ईशान्य भारतासारख्या अतिपावसाच्या भागात वर्षभर सायकल चालवणाऱ्यांनी आयपीएक्स ७ ला प्राधान्य देणे हिताचे ठरते.

जीपीएस उपकरण चार्ज करावे लागते. चार्जिंगचा काळ पाहताना आपल्या सर्वांत लांब प्रवासाचा विचार करावा. ६०० किलोमीटरचा ब्रेव्हे ४० तासांपर्यंत चालू शकतो, तेव्हा प्रवासात पॉवर बँकेवर चार्ज करता येते का, हे आधीच तपासावे.

मोबाइल पुरेसा नाही का?

ज्यांना फक्त मार्गाची नोंद ठेवायची आहे, त्यांच्यासाठी मोबाइलवरील ॲप पुरेसे आहे. फोन खिशात ठेवून नोंद करता येते आणि वेगळा खर्च होत नाही. फोन हँडलवर लावून पडदा सतत चालू ठेवल्यास मात्र बॅटरी लवकर संपते, उन्हात पडदा नीट दिसत नाही आणि ओल्या बोटांनी तो हाताळणे कठीण होते. संकटकाळी संपर्काचे साधन हेच असल्याने त्याची बॅटरी राखून ठेवणे श्रेयस्कर. मोबाइलवर नोंद आणि हँडलवर तारेचे साधे उपकरण ही जोडी कमी खर्चात बहुतेक गरजा भागवते.

कोणी काय निवडावे

रोज कामावर किंवा शाळा-महाविद्यालयात जाणाऱ्यांना तारेचे साधे उपकरण पुरते. ते सहज काढता येणारे असावे, म्हणजे सायकल उभी करताना सोबत नेता येईल. व्यायामासाठी चालवणाऱ्यांनी पेडलच्या दर मिनिटाच्या फेऱ्या आणि हृदयगती यांचे सेन्सर जोडता येणारे उपकरण घ्यावे. सेन्सर पुढे गरजेनुसार खरेदी करता येतात. दोन किंवा अधिक सायकली असणाऱ्यांना आणि लांब पल्ल्याच्या स्वारांना प्राथमिक दर्जाचे जीपीएस उपकरण सोयीचे पडते. रंगीत नकाशे आणि स्पर्शपडदा यांमुळे किंमत वाढते. अनोळखी प्रदेशात वारंवार प्रवास करणाऱ्यांनाच त्यांचा खरा उपयोग होतो.

खरेदीपूर्वी परीघ मिलिमीटरमध्ये भरता येतो का, भर उन्हात आकडे स्पष्ट दिसतात का, हातमोजे घालून बटणे दाबता येतात का, सेल बदलल्यावर एकूण अंतर पुन्हा भरता येते का आणि हँडलवरील पकड स्वतंत्रपणे विकत मिळते का, हे पाहावे. बसवताना चुंबक आणि सेन्सर यांतील अंतर साधारण पाच मिलिमीटरच्या आत ठेवावे. नंतर रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून पाच-दहा किलोमीटरचे अंतर पडताळावे. दगड नेहमी अचूक जागी असतातच असे नाही, म्हणून एकाच दगडावर विसंबू नये.

टायर बदलला किंवा उपकरण दुसऱ्या सायकलवर लावले की परीघ नव्याने भरावा. या मोजणीला एक टेप, एक खडू आणि दहा मिनिटांचा वेळ लागतो.