आलास की आलीस?

मी तुम्हाला अहोजाहोच करणार आहे. 'तू' म्हटलं की मराठी लगेच विचारते, आलास की आलीस? 'तुम्ही आलात' म्हटलं की निदान या प्रवासापुरतं ते उत्तर द्यावं लागत नाही.

तर तुम्ही गडचिरोलीतल्या धानोऱ्यात आलात. दिवाळी होऊन गेली आहे, धान कापणीला आलं आहे, मुरूमगावकडे जाणारी शेवटची एसटी निघून गेली आहे. जवळच्या गावात आज मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आणि रात्री दंडार हे लोकनाट्य. पडद्यामागे एक तिशीचा माणूस लुगडं नेसतोय. पिना दातांत धरलेल्या, हातभर आरसा खुंटीला टांगलेला. मिशी त्याने सकाळीच काढली. आता तो काजळाची रेघ ओढताना श्वास रोखून धरतो. दंडारीत बाईचं सोंग पुरुषानेच करायचं, ही झाडीपट्टीची जुनी रीत. तो मांडवात आला की म्हातारेकोतारेही सावरून बसतात, कुणी दहाची नोट पुढे करतं. पण याच गावातलं एखादं पोर रोजच तसं चालू-बोलू लागलं, तर त्याच्या वाट्याला शिवी येते. सोंग उजाडेपर्यंतच चालतं. हे मला फार दिवस खुपत आलं आहे, म्हणून तुम्हाला इथे आणलं.

ढोलकीवर थाप पडते. डोळे मिटा.

उघडता तेव्हा अलाहाबादचा बाजार आहे आणि 1871चा कायदा नुकता लागू झाला आहे. तुमच्या पायांत घुंगरू, गळ्यात ढोलक. पलीकडच्या आळीत एका घरी मुलगा झालाय, तिथे बधाई गायला तुम्ही निघालात. तुमच्या गुरूने हेच केलं, गुरूच्या गुरूनेही. तुम्ही ढोलकची दोरी ओढून ती सुरात आणता, आणि नेमका तेवढ्यात शिपाई मनगट धरतो. त्याच्याकडे वॉरंट नाही. त्याची त्याला गरजच नाही.

गुन्हा काय, म्हणून तुम्ही विचारता. 1871च्या 27व्या कायद्यात, म्हणजे गुन्हेगार जमातींच्या कायद्यात, एक दुसरा भाग होता. हिजड्यांपैकी ज्यांच्यावर मुलं पळवल्याचा, खच्चीकरणाचा किंवा कलम 377च्या, म्हणजे 'अनैसर्गिक' मानलेल्या संबंधांच्या, गुन्ह्याचा संशय असेल, त्यांची नावं वहीत उतरवायची, त्यांच्या मालमत्तेचीही नोंद ठेवायची. पुराव्याची वाट पाहायची नाही, संशय पुरे. आणि वहीत नाव असलेल्या माणसाने बायकी कपड्यांत रस्त्यावर दिसणं, नाचणं, वाद्य वाजवणं, पैसे घेऊन कुणाच्या घरी कला दाखवणं हा गुन्हा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही.

ढोलक जमिनीवर ठेवा आणि क्षणभर तिच्याकडे नीट पाहा. ज्या हातांची भाकरी या चामड्यावर चालत होती, त्या हातांना वाजवण्याचीच बंदी. अलाहाबाद ज्यात येत होतं त्या वायव्य प्रांतातल्या अधिकाऱ्यांना हा समाज हळूहळू नाहीसा व्हायला हवा होता. त्यांनी त्यासाठी गाण्यावर घाव घातला, कारण गाणं थांबलं की चूल थांबते, हे त्यांना ठाऊक होतं. आपल्याकडचे पारधी आणि इतर भटके-विमुक्त 31 ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात, 1952 साली हा कायदा रद्द झाला म्हणून. हिजड्यांविषयीचा भाग त्याआधीच, 1911 मध्ये, गळून पडला होता. संशय मात्र लोकांच्या डोळ्यांत राहिला. टाळी ऐकली की गाडीची काच वर करणारे हात त्याच संशयाचे आहेत.

आता झरझर पुढे चला. 15 एप्रिल 2014, दिल्ली. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री तृतीयपंथीयांची ओळख मान्य करतात. या लढ्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी आहेत. भरतनाट्यम शिकलेल्या, 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे आत्मकथन मराठीत देणाऱ्या. मुंबईच्या गौरी सावंतही आहेत. तुम्ही मागच्या बाकावर बसून ऐकता आणि 'मान्य' हा शब्द ओळखीचा वाटतो. वाटणारच. धानोरा तालुक्यातल्याच मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा हाच शब्द होता. तो कायदाही वनहक्क मान्य करण्याचाच. जंगल पिढ्यान्‌पिढ्या त्या गोंडांचंच होतं, सरकारने ते कागदावर कबूल केलं. माणसाच्या ओळखीचंही तसंच आहे.

पुन्हा थाप. जानेवारी 2016, मुंबई.

काचेपलीकडे माईक, काचेअलीकडे तुम्ही. कानांवर जाड हेडफोन. आत सहाजणी आहेत: आशा जगताप, भाविका पाटील, चांदनी सुवर्णकर, फिदा खान, कोमल जगताप आणि रवीना जगताप. हा 'सिक्स पॅक बँड', देशातला पहिला तृतीयपंथी बँड म्हणून गाजलेला. संगीत शमीर टंडन यांचं, निर्मिती यशराजच्या वाय फिल्म्सची, पैसा रेड लेबल चहाचा. पहिलं गाणं 'हम हैं हॅप्पी', फॅरेल विल्यम्सच्या इंग्रजी गाण्यावर बेतलेलं. व्हिडिओत निवेदन अनुष्का शर्माचं. पुढच्या एका गाण्यात सोनू निगमही येतो.

नावं बाजूला ठेवा, टाळी ऐका. बोटं ताठ, फाकवलेली, तळव्याचा मधला भाग तळव्यावर आडवा आपटतो. देवळातल्या भजनाच्या टाळीपेक्षा कोरडी, चौकात शंभर पावलांवर पोचणारी. सिग्नलला ती ऐकली की तुम्ही मान वळवली असेल. इथे ती तालात येते, समेवर पडते, आणि तुमचा पाय तुमच्याही नकळत हलतो. गाण्यात आवाज बायकी की पुरुषी, हे शोधायला गेलात तर सूर निसटतो. ते आवाज जाड आहेत, भरदार आहेत आणि नेमके आहेत.

ही जाहिरात होती हे खरं. चहा विकायचा होता. माझ्या मते त्याने त्या सहाजणींच्या आवाजाचं मोल कमी होत नाही. अलाहाबादच्या रस्त्यावर ज्या गाण्यासाठी मनगट धरलं गेलं, त्याच गाण्याचे इथे पैसे मिळतात आणि पडद्यावर नावं येतात. जूनमध्ये फ्रान्समधल्या कान शहरातल्या जाहिरात महोत्सवात या बँडला ग्लास लायन विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पण पारितोषिक हातात घेऊनही घरमालक खोली देईलच असं नाही, आणि तो प्रश्न गाण्याने एकट्याने सुटत नाही.

त्यानंतरची तारीख तुम्हाला माहीत आहे. 6 सप्टेंबर 2018ला सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं कलम 377 रद्द झालं. त्या खटल्यात ज्यांचं नाव आहे ते नवतेज सिंग जोहर भरतनाट्यमचे नर्तक. इथेही पुढे कलावंतच.

आता परत या. धानोऱ्याजवळचा तोच मांडव, दव पडू लागलं आहे. दंडार संपली. तो माणूस पडद्यामागे काजळ पुसतोय आणि मांडवाच्या कडेला एक पोर उभं आहे. त्याने सगळे बोल पाठ केले आहेत. मनगटं तशीच फिरवून पाहतंय, कुणी बघत नाही असं वाटून.

तुम्ही बघितलंत. हसू नका, शिट्टी मारू नका. जवळ जा आणि विचारा, तुला काय म्हणून हाक मारू? ते पोर सांगेल, आलो किंवा आले. जे सांगेल तेच क्रियापद वापरा, उद्या सकाळी चारचौघांतही.