दहा सेकंदांचे स्वगत

जयपुरात नाट्यप्रवेशाच्या चाचण्या जवळ आल्या की उताऱ्यांच्या झेरॉक्स हातोहाती फिरू लागतात. विद्यापीठाचा नाट्यविभाग असो वा दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, दोन-तीन मिनिटांचे काहीतरी पाठ करून जायचे असते. रवींद्र मंचापासून जवाहर कला केंद्राच्या कॉफीच्या टेबलांपर्यंत त्याचीच शोधाशोध चालते. मुलगे बहुधा ‘अंधा युग’मधला अश्वत्थामा निवडतात, मुली ‘आषाढ़ का एक दिन’मधली मल्लिका, नाहीतर बेणारे. मी मराठी, म्हणून माझ्याकडे बेणारेवाल्या अधिक येतात. त्यांच्या झेरॉक्सवर कधी तेंडुलकरांचे नाव असते. हिंदी अनुवाद करणाऱ्या सरोजिनी वर्मांचे जवळजवळ कधीच नसते.

त्या सुट्या पानावर आणखी एक गोष्ट नसते: त्या भाषणाचा इतिहास.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 साली ‘रंगायन’ने रंगमंचावर आणले. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. एका हौशी नाटकमंडळीने वेळ घालवायला अभिरूप खटल्याचा खेळ मांडावा आणि खेळता खेळता आपल्यातल्याच एका अविवाहित शिक्षिकेला खरोखरच आरोपी करावे, ही त्याची गोष्ट. तेंडुलकरांच्या मूळ आराखड्यात बेणारेचे ते लांब भाषण नव्हते. तिचे गप्प राहणे त्यांना पुरेसे वाटत होते. देशपांडे मात्र अडून बसले. इतके सगळे तिच्यावर बोलून घेतात, तर तिला बोलू द्यायला हवे, हा त्यांचा आग्रह. तेंडुलकरांनी ते नाखुशीने लिहिले आणि आज तेच नाटकाबाहेर सर्वांत दूरवर पोहोचले आहे.

पण ते बोलणे दिले कसे, ते पाहा. न्यायाधीश झालेले काशीकर आरोपीला दहा सेकंद देतात. बाकीची पात्रे जागच्या जागी थिजतात. बेणारे बोलते, प्रेक्षक ऐकतात, आणि भाषण संपते तेव्हा कोर्टाच्या हिशेबी फक्त दहा सेकंद गेलेले असतात. तिथे कुणीच काही ऐकलेले नसते. निकालात तिच्या पोटातले मूल नष्ट करण्याचा हुकूम सुटतो.

संस्कृत नाट्यशास्त्रात याला नेमका शब्द आहे. रंगमंचावरच्या इतरांना जे ऐकू जात नाही ते स्वगत. न दिसणाऱ्या माणसाशी, त्याचे उत्तर ऐकल्यासारखे करून बोलायचे ते आकाशभाषित. ‘भाण’ हा एकपात्री प्रकार त्यावरच उभा आहे. चाचणीचा उतारा निवडणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा: हे कुणाला ऐकू जाते आहे? अश्वत्थाम्याचा संताप आणि बेणारेचे बोलणे एकाच पट्टीत म्हटले तर दोन्ही वाया जातात.

जयपुरात ही चूक होणे स्वाभाविक आहे. महाराजा रामसिंह (दुसरे) यांनी एकोणिसाव्या शतकात इथे रामप्रकाश थिएटर उभारले, ते पारशी पद्धतीच्या नाटकांसाठी. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द फेकण्याची ती शिस्त होती, आणि ती हलकी नव्हती. मराठीतही 1883 साली आगरकरांनी हॅम्लेटचे ‘विकारविलसित’ केले आणि गणपतराव जोशींनी तो हॅम्लेट गाजवला, तो अशाच भरघोस वाचेच्या काळात. बेणारेचा घसा मात्र त्या परंपरेचा नाही. टेबलापलीकडच्या परीक्षकांना पटवायला ती बोलत नाही; पटवून घेणारे कुणी उरलेले नाही, हे तिला कळून चुकलेले आहे.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी आधी अख्खे नाटक वाचायला देतो. काहींना तो उशीर वाटतो. सीकरकडच्या एका मुलीने ते दोन दिवसांत संपवले आणि म्हणाली, “सर, आमच्या घरीही मला बोलू देतात. फक्त ऐकत नाहीत.” तिला उतारा बदलायचा नव्हता, रडणे तेवढे काढून टाकायचे होते. आम्ही तो मंद आवाजात, खिडकीकडे बघत बसवला. तेंडुलकरांना नको असलेले शब्द एवढ्यासाठी तरी लिहून घ्यायलाच हवे होते, हे मला तेव्हा पटले.