दोन कागदांवरचं शहर

आजच्या विषयाचं नाव पत्रिकेत जरा अवजड छापलं गेलंय: 'प्रायोगिक कविता आणि नागरी विषमता यांवरचं संशोधन'. ते वाचूनही तुम्ही आलात, याबद्दल आधी आभार. मी विषय सोपा करून सांगते. मुंबईतल्या काही कवींनी साठ-सत्तरच्या दशकांत फार वेगळी, अनेकांना दुर्बोध वाटणारी कविता लिहिली. त्याच वर्षांत मुंबईचं काय करायचं, हे सरकार आणि वास्तुरचनाकार ठरवत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? आणि शहरातल्या गरिबी-श्रीमंतीचा इतिहास लिहिताना कविता पुरावा म्हणून चालते का? एवढाच प्रश्न आहे.

सुरुवात आपल्या पायाखालच्या जमिनीपासून करू. आपण बसलोय वाशीत. हे शहर सगळ्यात आधी कुठे उभं राहिलं, सांगा बघू. ते उभं राहिलं एका त्रैमासिकात. जून 1965 मध्ये 'मार्ग' या इंग्रजी कलाविषयक त्रैमासिकाचा मुंबईवरचा अंक निघाला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी त्यात कल्पना मांडली, की खाडीपलीकडे मुख्य भूमीवर नवं शहर वसवा. 'मार्ग'चे संपादक होते मुल्कराज आनंद, म्हणजे 1935 साली 'अनटचेबल' ही कादंबरी लिहिणारे लेखक. त्या तिघांचं म्हणणं साधं होतं. मुंबई दक्षिणोत्तर लांबट वाढलेली आहे. कामं दक्षिणेच्या टोकाला, घरं उत्तरेला. सकाळी गाड्या एका दिशेला भरून जातात, संध्याकाळी उलट. मग कामंच पूर्वेकडे हलवली तर?

पुढच्याच वर्षी, 1966 मध्ये, धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनंही मुंबईची वाढ खाडीपलीकडे वळवण्याची शिफारस केली. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतली 95 गावं आणि सुमारे 344 चौरस किलोमीटरचं क्षेत्र नव्या शहरासाठी ठरलं. म्हणजे चांगल्या कागदावर छापलेला एक अंक पाच वर्षांत सचिवालयात पोचला आणि त्याचं महामंडळ झालं. नियतकालिकाच्या इतिहासात असं क्वचित घडतं.

आता दुसरी नियतकालिकं बघू. ती नियतकालिकंही नव्हती, अनियतकालिकं होती. 1950च्या दशकाच्या मध्याला दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या मित्रांनी 'शब्द' काढलं, तेही सायक्लोस्टाइल करून. तरुण मंडळींना सायक्लोस्टाइल म्हणजे काय ते सांगायला हवं. मेणकागदाची स्टेन्सिल कापायची, ती शाईच्या रोळावर चढवायची आणि हातानं दांडा फिरवत प्रती काढायच्या. प्रती थोड्या, शाई पुसट, कागद हलका. साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं 'असो' आलं, राजा ढाले यांचं 'येरू' आलं, आणखी कितीतरी आली. काही दोन-चार अंकांत बंद पडली. ही मुलं छापखान्याची बिलं भागवायला खिशात हात घालत होती. त्यांचे अंक मंत्र्यांकडे गेले नाहीत. ते हातोहात फिरले.

म्हणजे एकाच शहरावर एकाच काळात दोन प्रकारच्या कागदांवर विचार चालू होता. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, तरच विषमतेचा इतिहास पुरता दिसतो. एकच वाचला तर अर्धा.

तीन वर्षांचीच उदाहरणं घेऊ. 1971 साली महाराष्ट्राचा झोपडपट्टीविषयक कायदा झाला. त्यात झोपडपट्टी कशाला म्हणायचं? सोयी अपुऱ्या आहेत, अस्वच्छता आहे, दाटी आहे, आणि त्यामुळे त्या भागातल्या किंवा शेजारच्या लोकांच्या आरोग्याला, सुरक्षिततेला किंवा सोयीला धोका आहे, अशी जागा. 'शेजारच्या लोकांच्या सोयीला' हे लक्षात घ्या. वस्तीची व्याख्या करताना शेजाऱ्याची सोयही मोजली गेली.

1972 साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. ढसाळ तेव्हा तेवीस वर्षांचे होते, टॅक्सी चालवलेले, कामाठीपुऱ्यालगतच्या वस्तीत वाढलेले. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. आता तेंडुलकर म्हणजे मुंबईत आयुष्य काढलेला माणूस, मराठीचा मोठा नाटककार, भाषेचा कान तयार असलेला. पण ती प्रस्तावना लिहिण्यासाठी त्यांना ढसाळांकडून कित्येक शब्दांचे अर्थ समजून घ्यावे लागले. दोघं एकाच शहरात राहणारे, एकाच भाषेत लिहिणारे. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला हा प्रसंग मोठा पुरावा वाटतो. या शहरात पाण्याचे नळ आणि संडास तर वेगळे होतेच, शब्दसुद्धा वेगळे होते, आणि मधली भिंत इतकी जाड होती, की तेंडुलकरांसारख्यालाही पलीकडचं ऐकायला दुभाष्या लागला.

1973 साली सिडकोनं नव्या शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा काढला. त्याच्या उद्दिष्टांत स्पष्ट म्हटलं होतं, की वेगवेगळ्या थरांतल्या लोकांना मिळणाऱ्या सोयींतली तफावत कमी करायची. मी हे उपहासानं सांगत नाहीये हं. त्या लोकांना ते मनापासून करायचं होतं. आराखडा करणारे खलनायक आणि कवी नायक, अशी मांडणी कुणी करत असेल तर ती सोडून द्या, तिच्यानं काही कळत नाही.

मग संशोधकांनी काय केलं? दोन पुस्तकं सांगते. जुनेद शेख यांचं 'आउटकास्ट बॉम्बे' 2021 साली आलं. 1896च्या प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, तिथून सुरुवात करून ते 1980च्या दशकापर्यंत येतात. आधुनिक शहरात जात विरघळेल अशी अपेक्षा होती. ती विरघळली नाही, घरांच्या आणि नियोजनाच्या व्यवस्थेत जाऊन बसली, हे ते दाखवतात. आणि त्यासाठी सरकारी कागदांबरोबर दलित साहित्यही वाचतात. दुसरं पुस्तक अंजली नेर्लेकर यांचं 'बॉम्बे मॉडर्न', 2016 सालचं. कोलटकर मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे कसे लिहीत होते, आणि ही कविता कुठल्या अंकांतून, कुठल्या छोट्या प्रकाशनांतून वाचकाकडे गेली, याचा त्या शोध घेतात. कवितेइतकंच लक्ष त्या कागदाकडे देतात. मला स्वतःला या पद्धतीनं शिकवलं ते हे, की कविता 'कशाबद्दल' आहे एवढं विचारून थांबायचं नाही. ती कुठे छापली, कुणाच्या हातात गेली, कुठल्या बोलीत आली, हेही विचारायचं.

इथे एक शंका रास्त आहे. कवितेतून आकडे मिळत नाहीत. किती झोपड्या, किती माणसं, भाडं किती, हे 'गोलपिठा' सांगणार नाही. खरं आहे. पण आकड्यांचं काय झालं तेही बघा. 4 जानेवारी 1976 रोजी मुंबईत एका दिवसात झोपड्यांची गणना झाली. फुटपाथवर राहणारी माणसं तिच्यात आली नाहीत. ती मोजली 1985 साली स्पार्क या संस्थेनं, आणि मुख्यतः ई वॉर्डात, म्हणजे भायखळा-कामाठीपुऱ्याच्या पट्ट्यात. सुमारे सहा हजार कुटुंबं निघाली. अहवालाचं नाव 'वुई, द इन्व्हिजिबल', म्हणजे 'आम्ही, अदृश्य माणसं'. हा ढसाळांचाच वॉर्ड. सरकारच्या गणनेत जी माणसं नव्हती, ती तेरा वर्षं आधी एका कवितासंग्रहात होती. कवितेनं त्यांना मोजलं नाही, पण ती आहेत एवढं तरी नोंदवलं. कवितेच्या पुराव्याची ताकद एवढीच, आणि मर्यादाही तीच.

कोलटकरांचं उदाहरण थोडं निराळं. ते जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले चित्रकार, काळा घोडा इथल्या वेसाइड इनमध्ये बसणारे. 2004 साली आलेल्या त्यांच्या 'काळा घोडा पोएम्स'मध्ये त्या चौकातली माणसं आहेत, इडलीवाली येते तेव्हा तिच्याभोवती जमणारं फुटपाथवरचं जग आहे. ढसाळ रस्त्यावरून लिहितात, कोलटकर खिडकीतून. संशोधकानं हा फरक पुसायचा नसतो. खिडकीतून दिसणारं खोटं असतं असं नाही, पण ते खिडकीतून पाहिलेलं आहे, हे नोंदवावं लागतं.

आता परत आपल्याकडे येऊ. नव्या शहराचा पैशाचा हिशेब काय होता? शेतीच्या भावानं जमीन घ्यायची, रस्ते-पाणी आणायचं, शहराच्या भावानं भूखंड विकायचे. वरच्या पैशातून सोयी करायच्या आणि गरिबांची घरं स्वस्तात द्यायची. कागदावर हे फार न्याय्य दिसतं. पण नीट बघा, दोन भावांमधला हा फरक कुणाचा होता? भातशेती आणि मिठागरं करणाऱ्या आगरी, कोळी, कराडी माणसांचा. समतेच्या योजनेचं भांडवल त्यांच्याकडून आलं. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान परिसरात आंदोलन झालं. 16 आणि 17 तारखेच्या गोळीबारात पाच शेतकरी मेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतरची आहे. इथल्या घराघरात 'साडेबारा टक्के' हा आकडा जमिनीच्या नावासारखा बोलला जातो, तो या इतिहासातून आलाय.

बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज तुम्ही पाहिलंच असेल. कोरियांनी 1980च्या दशकात केलेलं. प्लॉट 45 ते 75 चौरस मीटर, म्हणजे गरीब आणि मध्यमवर्गीय यांत फार अंतर नाही. भिंती शेजाऱ्याशी सामाईक नाहीत, त्यामुळे हातात पैसे येतील तसं घर वाढवता यावं. कल्पना किती चांगली! आज त्यातली बरीच मूळ घरं उरली नाहीत, त्या जागी मोठे बंगले आले. आणि ज्यांची घरं प्लॉटवर नव्हतीच, त्यांच्या वस्त्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, तुर्भे स्टोअरपासून दिघ्यापर्यंत, कारखान्यांच्या आणि खाणींच्या कडेनं वाढल्या.

इथल्या शब्दांकडेही कान द्या. नेरूळला रिक्षात बसून 'एलआयजी' म्हटलं, की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. एलआयजी म्हणजे अल्प उत्पन्न गट. माणसाचं उत्पन्न हा त्याचा पत्ता झाला आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. 'प्रकल्पग्रस्त' हा सरकारी शब्द, आता तो माणसं स्वतःची ओळख म्हणून सांगतात. शेतांना, बांधांना, खाजणांना नावं होती, तिथे सेक्टरचे नंबर आले.

मग इथली कविता कुठे आहे? आगरी लग्नात धवलारीण धवळे गाते. त्या गाण्यांना कुणी प्रायोगिक म्हणणार नाही, त्यांचं अनियतकालिक निघालं नाही. पण जमीन गेल्यावर त्या गाण्यांत काय राहिलं, काय गळालं, कुठला नवा शब्द शिरला, हे विचारणं म्हणजे 'गोलपिठा'ला विचारला तोच प्रश्न विचारणं आहे. तरुण संशोधकांनी हे काम हाती घ्यावं. गाणाऱ्या बायका म्हाताऱ्या होताहेत, घाई आहे.

शेवटचा मुद्दा. मुंबईच्या त्या कवींची कागदपत्रं, अनियतकालिकं आज नीट जपलेली बघायची, तर एक महत्त्वाचा संग्रह अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. ज्यांनी तो जमवला त्यांचे आपण ऋणी आहोत, नाहीतर ते कागद रद्दीत गेले असते. पण विचार करा, गिरगावात नाहीतर परळला हातानं फिरवून काढलेला अंक बघायला इथल्या विद्यार्थ्याला व्हिसा लागतो. विषमता शहरात असते तशी ती दप्तरखान्यातही असते. 'मार्ग'चा जुना अंक चांगल्या ग्रंथालयात सापडेल. सायक्लोस्टाइलचा अंक सापडेल तो कुणाच्या तरी माळ्यावर.

म्हणून जाता जाता एक विनंती. घरी गेल्यावर माळा बघा. वडिलांच्या, आजोबांच्या ट्रंकेत एखादा पिवळा पडलेला अंक असेल, आंदोलनाचं पत्रक असेल, जमिनीच्या नोटिशीच्या मागच्या बाजूला लिहिलेलं गाणं असेल. फेकू नका. मोबाइलवर त्याचा फोटो काढा, तारीख आणि गाव लिहून ठेवा. आपल्या शहराचा आराखडा मिळतो. पण त्या आराखड्यावर राहणाऱ्या माणसांनी काय म्हटलं, ते अशाच कागदांवर आहे.

इथे थांबते. प्रश्न असतील तर जरूर विचारा.