काकण : रक्षा, सौभाग्य आणि रूढी

माणसाने अंगावर पहिला दागिना चढविला तो हौसेने की भयापोटी, हा वाद जुना आहे. मनगटाच्या बाबतीत तरी दोन्ही उत्तरे खरी ठरतात. आपल्या घरांत तान्ह्या बाळाच्या हाती काळ्या मण्यांच्या मनगट्या येतात, लग्नात वधूवरांच्या हाती हळकुंडाचे काकण बांधले जाते आणि नव्या नवरीच्या हाती काचेचा हिरवा चुडा भरला जातो. पहिल्या दोहोंचा हेतू उघड आहे : बाळाला दृष्ट लागू नये, शुभकार्यात विघ्न येऊ नये. तिसऱ्याचा अर्थ मात्र वेगळ्या वाटेने गेला. त्या वाटेचा मागोवा येथे घ्यावा असे आम्ही योजिले आहे.

रक्षणासाठी अंगावर काही बांधावे ही कल्पना फार प्राचीन आहे. अथर्ववेदात जंगिड, वरण, शंख यांचे मणी बांधण्याची सूक्ते आहेत. तेथील 'मणि' म्हणजे एक प्रकारचा ताईतच होय. 'ताईत' हा शब्द मात्र अरबी 'तावीज'पासून आपल्याकडे आला आणि इतका घरचा झाला की, जिवलग माणसाला आपण 'गळ्यातला ताईत' म्हणू लागलो. बांगडीही तितकीच जुनी. मोहेंजोदडोच्या सुप्रसिद्ध नर्तकीचा डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला आहे. आपल्या जवळचे उदाहरण कोल्हापूरचे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले, तेव्हा बहामनी काळाच्या थरांत काचेच्या रंगीत बांगड्यांचे तुकडे सापडले. म्हणजे या मुलखातील बायका निदान पाचशे वर्षे काचेची बांगडी लेत आल्या आहेत.

पुढे इंग्रजी अमदानीत युरोपातील बोहेमियाची काच आली आणि नंतर फिरोजाबादचा माल बाजारात रुळला. काच कोठलीही असो, ती हाती भरणारा आपलाच होता : मराठीत कासार, कानडीत बळेगार. सीमाभागातील बाजारांत दोघांचीही हाक ओळखीची. चुडा भरून झाला की सुवासिनी कासाराला नमस्कार करी. विकणाऱ्याला नमस्कार करावा असे व्यवहार थोडेच. येथे वस्तूबरोबर आशीर्वादही घेतला जाई.

आशीर्वाद आला तेथे धाकही आला. नारळ 'फोडला' न म्हणता 'वाढविला' म्हणावे, तशी बांगडीही 'फुटली' म्हणायची नाही, 'वाढली' म्हणायचे. काचेच्या एका वर्तुळावर पतीच्या आयुष्याचा भार टाकल्यावर भाषेलाही जपून पाऊल टाकावे लागले. जे कंकण मूळचे लेणाऱ्याच्या रक्षणासाठी होते, ते दुसऱ्याच्या आयुष्याची खूण झाले. आणि तो दुसरा गेला की ज्या हाताला आधाराची सर्वांत अधिक गरज, तोच हात समाजाने ओका केला.

या रूढीचे विलक्षण रूप आपल्याच जिल्ह्यात, सौंदत्तीच्या डोंगरावर दिसते. जमदग्नीच्या वधाचे स्मरण म्हणून मार्गशीर्ष पौर्णिमेला रेणुका-यल्लम्माचे वैधव्य पाळतात व भाविक स्त्रिया बांगड्या वाढवितात. माघी पौर्णिमेला देवी पुन्हा सुवासिनी होते आणि हिरवा चुडा लेते. देवीचे वैधव्य दोन महिन्यांचे. तिच्या पायरीवर डोके टेकणाऱ्या विधवेचे मात्र जन्माचे. याच देवीच्या नावाने कोवळ्या मुलींच्या गळ्यात मणी बांधून त्यांना देवदासी करण्यात येई. त्या मण्यांनी रक्षण कोणाचेच झाले नाही. कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने या प्रथेला बंदी केली.

'हातात बांगड्या भरल्या आहेत काय?' हा टोमणा आपण मराठीत सहज वापरतो. भ्याडपणा दाखवायला याहून सोपे वाक्य नाही. पण काकतीच्या माणसाने तरी तो उच्चारण्यापूर्वी थांबावे. १७७८ साली याच गावच्या देसाई घराण्यात चन्नम्मा जन्मली व कित्तूरच्या मल्लसर्ज देसायांची राणी झाली. १८१६ साली तिला वैधव्य आले. कंपनी सरकारने दत्तकाचा वारसा नाकारला, तेव्हा तिने शस्त्र उचलले. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरपुढील लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे ठार झाला. डिसेंबरात किल्ला पडला आणि राणी बैलहोंगलच्या कैदेत १८२९ साली निवर्तली. रूढीने जिला घराचा कोपरा दाखविला असता, तिने सैन्याचे नेतृत्व केले. आपली घराणी मराठी बोलत या मातीत आली, तरी या कानडी लेकीचा वारसा आपलाही आहे.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने ग्रामसभेत ठराव केला की, पतिनिधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद कराव्यात. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. राज्याची हद्द मध्ये असल्याने ते परिपत्रक आपल्या गावांपर्यंत येणार नाही. परंतु चुडा भरण्याची रीत हद्द विचारीत आली नव्हती, मग तो न उतरविण्याची रीत तरी का विचारावी? जो अर्थ माणसांनी घातला, तो माणसांना बदलता येतो. त्यासाठी ग्रामसभेची वाट पाहण्याचेही कारण नाही. घरातील वडीलधाऱ्या बाईने 'हिच्या हाताला कोणी हात लावायचा नाही' एवढे म्हटले तरी पुरे.