सरकारलाही लागते हिशोबाची वही

आपल्या बचत गटाच्या बैठकीत दर महिन्याला वही उघडते. कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, हे सगळ्यांसमोर वाचलं जातं. म्हणून तर गट टिकतो. आज आपण अशाच एका वहीचा इतिहास ऐकू या. ही वही आहे ब्रिटनच्या सरकारची.

कोळसा जाळून कारखाने उभे करण्यात ब्रिटन जगात सगळ्यांच्या पुढे होतं. त्या धुरातल्या वायूंनी पृथ्वी तापते, हे कळल्यावर सरकारं आश्वासनं देऊ लागली. पण मंत्री बदलले की आश्वासन मागे पडायचं. म्हणून २००५ साली तिथल्या पर्यावरण कार्यकर्त्यांनी मोहीम काढली : नुसता शब्द नको, कायदा करा. हजारो लोकांनी आपापल्या खासदाराला गाठलं. शेवटी नोव्हेंबर २००८मध्ये कायदा झाला. विरोधात मतं पडली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

हा चौकट कायदा आहे. कोणता कारखाना बंद करा, हे तो सांगत नाही. सरकारच्या कामाला चौकट घालतो. १९९०च्या तुलनेत २०५०पर्यंत हे वायू ८० टक्क्यांनी कमी करायचे, असं त्यात ठरलं. २०१९मध्ये ते उद्दिष्ट वाढवून निव्वळ शून्यावर आणलं. मधल्या वाटेवर दर पाच वर्षांची मर्यादा आहे, आणि ती बारा वर्षं आधी ठरते. म्हणजे आजच्या सरकारने लिहिलेला आकडा उद्याच्या सरकारलाही पाळावा लागतो. तज्ज्ञांची एक स्वतंत्र समिती दरवर्षी संसदेला हिशोब देते, आणि सरकारला त्यावर उत्तर द्यावंच लागतं.

याचा उपयोग काय झाला? २०२२मध्ये काही संस्था न्यायालयात गेल्या. सरकारचा आराखडा पुरेसा तपशीलवार नाही, म्हणून तो बेकायदा ठरला. सरकारने नवा केला, तर २०२४मध्ये तोही टिकला नाही. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ब्रिटनमधलं कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र बंद झालं. ते एकट्या कायद्याने झालं नाही. कोळशावरचा कर आणि समुद्रातल्या पवनचक्क्या यांचाही त्यात वाटा होता. वहीत एक भोकही आहे : परदेशात बनून तिथे आलेल्या मालाचा धूर या मर्यादेत धरला जात नाही.

त्याच २००८च्या जूनमध्ये आपल्या देशानेही हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला. पण तो आराखडाच राहिला. असा चौकट कायदा आपल्याकडे झालेला नाही. आराखडा रखडला, तर जाब कोणत्या कलमाखाली विचारायचा? पाऊस लांबला की दुबार पेरणीचा खर्च आणि पाण्याची पायपीट मात्र आपल्याच वाट्याला येते.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या ग्रामसभेत पाण्याची किंवा झाडांची योजना वाचली गेली, की आपण तीन प्रश्न विचारू या : किती? कधीपर्यंत? आणि वही कोण वाचून दाखवणार?