त्यागाचा हिशोब : इशिबाशी तान्झान यांची राजकीय कारकीर्द

बौद्ध राज्यकर्त्यांचे मूल्यमापन करताना त्यांनी विहारांना काय दिले, हे बहुधा पाहिले जाते; सत्ता हाती असता त्यांनी काय सोडले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जपानचे अर्थमंत्री व पुढे पंतप्रधान झालेले इशिबाशी तान्झान (१८८४–१९७३) यांच्या चरित्राकडे आम्ही याच दृष्टीने पाहू इच्छितो.

तान्झान हे निचिरेन पंथाच्या धर्मगुरूचे पुत्र व स्वतः त्याच पंथाचे दीक्षित होते. वासेदा विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे अध्ययन करून १९११ मध्ये ते एका आर्थिक नियतकालिकाच्या संस्थेत दाखल झाले. त्याच निचिरेन परंपरेचा आधार घेऊन तानाका चिगाकू साम्राज्यविस्ताराचा पुरस्कार करीत होते. मांचुरियातील १९३१ च्या कटाचे सूत्रधार इशिवारा कान्जी हे त्यांचेच अनुयायी. तान्झान यांनी मात्र १९२१ मध्ये लिहिले, की जपानने कोरिया, तैवान व मांचुरियातील हक्क सोडून द्यावेत. कोरिया, तैवान व क्वांतुंग या तिन्ही प्रदेशांशी मिळून जपानचा १९२० चा व्यापार सुमारे ९० कोटी येन होता. तर अमेरिकेशी १४० कोटींहून अधिक आणि एकट्या हिंदुस्थानाशी सुमारे ५८ कोटी. ज्या देशांवर जपानची सत्ता नव्हती, तेच अधिक लाभदायक ठरत होते. पालि परिभाषेत ज्याला 'उपादान' म्हणतात, ती आसक्ती येथे तोट्याची ठरते. परंतु तान्झान यांनी हा निष्कर्ष धर्मवचनावर नव्हे, जमाखर्चावर उभा केला, हे ध्यानी घेतले पाहिजे.

त्यांचे कोणी ऐकले नाही. युद्धात १९४४ मध्ये त्यांचा एक पुत्र क्वाजालीन बेटावर कामी आला. तरीही १९४५ च्या ऑक्टोबरात त्यांनी यासुकुनी हे युद्धमृतांचे देवस्थान बंद करावे, असे सुचविले.

१९४६ मध्ये ते योशिदा मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. उत्पादनवाढीसाठी त्यांनी सढळ पतपुरवठा केला. त्याने महागाईला खतपाणी मिळाले, ही टीका अनाठायी नाही. १९४७ मध्ये ताबेदार अमेरिकी प्रशासनाने त्यांना सार्वजनिक जीवनातून दूर केले. ही बंदी १९५१ मध्ये उठली. १९५४ ते १९५६ ते व्यापार व उद्योगमंत्री होते. डिसेंबर १९५६ मध्ये पक्षाध्यक्षपदाच्या अंतिम फेरीत किशी नोबुसुके यांचा २५८ विरुद्ध २५१ असा पराभव करून ते पंतप्रधान झाले.

महिनाभरातच ते आजारी पडले. १९३० मध्ये गोळीबारात जखमी झालेले पंतप्रधान हामागुची संसदेत उपस्थित राहू शकत नसताना पद सोडीत नाहीत, म्हणून तान्झान यांनी त्यांच्यावर टीका केली होती. तोच मापदंड त्यांनी स्वतःस लावला व फेब्रुवारी १९५७ मध्ये राजीनामा दिला. सत्ता किशींकडे गेली. हे किशी युद्धकाळी तोजो मंत्रिमंडळात मंत्री होते.

असा त्याग लोकहिताचा ठरला काय? त्याची किंमत मोठी होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जो नियम राष्ट्राला व प्रतिपक्षाला सांगितला, त्यातून त्यांनी स्वतःला वगळले नाही. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीचे मोल मंत्रिपदांपेक्षा या एका सुसंगतीत अधिक आहे.